गो आणि नो-गोच्या मधली जागा

दिवाळीच्या आगेमागे हिंगणघाटात कापसाचा हंगाम सुरू होतो. त्याआधी जिनिंग-प्रेसिंगवाल्यांचे सुटे भाग घाईघाईने आमच्याकडे येतात. जाड फ्लॅन्ज, त्यात एम-24चे आटे, पिच 3. इतक्या मोठ्या भोकात टॅप तुटला तर अख्खा जॉब जातो, म्हणून आम्ही थ्रेड मिलने आटे पाडतो. कटर स्वतःभोवती फिरत भोकाच्या कडेने गोल गोल चढतो. टॅपमध्ये आट्याचा व्यास टॅप ठरवतो, इथे तो मी ठरवतो. मशीनच्या ऑफसेटच्या पानावर कटरची त्रिज्या 9.000 असते. ती 8.980 केली की कटर भिंतीकडे सरकतो आणि व्यास 0.04 मिलिमीटरने वाढतो.

तो आकडा बदलताना मी नेमका कुणाचा विचार करतो?

घट्ट आटे लगेच बोंब मारतात. फिटरचा बोल्ट अडतो, फोन येतो, माल परत येतो. ढिले आटे गप्प बसतात. हाताखालचा पोरगा म्हणतो, "भाऊ, थोडं मोकळंच ठेवा नं, मंग कायची कटकट नाई." त्याला आधारही आहे. कटर झिजतो तसा व्यास आत येतो, म्हणून सुरुवात वरच्या बाजूने केली की पुन्हा हात न लावता जास्त नग निघतात. हे खरं आहे, आणि खरं असल्यामुळेच त्याच्या आड लपायला सोपं जातं. 6एच या टॉलरन्समध्ये पिच व्यास 22.051 ते 22.316 चालतो. गो गेज शेवटपर्यंत गेलं, नो-गो अडलं, की माल पास. या दोन टोकांच्या मधे माझे आटे कुठे बसलेत, हे गेज सांगत नाही. ते फक्त मला ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त टोचतं ते खोल भोकाचं. कटर लांब असला की त्याचं टोक दाबाने मागे वाकतं, आणि तळाशी आटे घट्ट राहतात. वर गो सहज फिरतं, तळाशी अडतं. त्यावर सरळ उपाय म्हणजे त्याच मापाने आणखी एक फेरा मारणं; वाकलेला कटर दुसऱ्या वेळी उरलेला धातू खरवडतो. त्यात वेळ जातो. दुसरा उपाय ऑफसेट आणखी उणे करण्याचा. तळ मोकळा होतो, पण तोंडाशी नो-गो एक-दीड आटा आत शिरतं. दोन आट्यांपर्यंत ते चालतं, हे नियमात आहे. भोकाच्या तोंडाशी जी थोडी ढिलाई अपरिहार्य असते तेवढ्यासाठी दिलेली ती सवलत मी वेळ वाचवायला वापरावी का? प्रेस एकेक गाठ सुमारे 170 किलोची बांधतो, दिवसभर, आणि त्याच्या बोल्टवर दर गाठीला ओढ बसते. त्याच्या बाजूला माणसं उभी असतात.

हंगाम तोंडावर असला तरी खोल भोकाच्या प्रोग्रॅममध्ये दुसरा फेरा आता मी कायमचा टाकला आहे. पहिल्या नगाला पिच व्यास मोजायचा आणि तो 22.18च्या आसपास आणायचा, एवढं ठरलंय. वाढलेला वेळ दरात लावायचा की सोसायचा, यावर मात्र माझं मन अजून एका बाजूला झालेलं नाही.