प्राणप्रतिष्ठा न लागणारा देव

देवघरात नवी मूर्ती आणली की तिची प्राणप्रतिष्ठा करतात. विष्णूचं रूप मानल्या जाणाऱ्या शाळिग्राम या दगडाला ती लागत नाही. तो स्वयंभू आहे, माणसाने घडवलेला नाही, असं शास्त्र सांगतं. भूशास्त्रही यावर हरकत घेणार नाही. या दगडाच्या पोटात एकेकाळी खरोखरच प्राण होता, एवढी भर मात्र घालेल.

तो जीव म्हणजे अमोनाइट, माकुळाचा दूरचा नातलग. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवनाचा भाग होता आणि त्याच्या उत्तर किनाऱ्यालगत टेथिस समुद्र पसरला होता. तिथे मेलेल्या अमोनाइटांचे शंख तळच्या काळ्या चिखलात रुतत. उघड्यावर पडलेले शंख झिजून, विरघळून जातात. बहुतेकांच्या वाट्याला तेच आलं. या चिखलात मात्र प्राणवायू जेमतेम होता. मांस जिवाणूंनी संपवलं, शंख टिकले. जिवाणूंनी सोडलेल्या गंधकयुक्त वायूची गाळातल्या लोहाशी क्रिया होऊन काही शंखांत सोनेरी पायराइट साचलं. पाण्यातली खनिजं भोवती बसत गेली, शंखाभोवतीचा चिखल टणक गोळा बनला आणि वरच्या थरांच्या भाराखाली उरलेल्या चिखलाचा शेल नावाचा खडक झाला.

पुढे हिमालय उचलला गेला, त्याच्याबरोबर हा समुद्रतळही. आज नेपाळच्या मुस्तांग भागात काली गंडकी तो ठिसूळ शेल कापते आणि टणक गोळे पात्रात येऊन पडतात. गोळा फुटला की आत चक्र दिसतं.

हे चक्र कोणी कोरलं, हा प्रश्न परंपरेलाही पडला होता. वज्रकीट नावाचा किडा शिळा पोखरतो, असं तिचं उत्तर. कथेत जीव दगडात शिरतो. भूशास्त्रात दगड जिवाच्या रिकाम्या घरात शिरतो.

इंग्लंडमधल्या व्हिटबीला असेच अमोनाइट संत हिल्डाने दगड केलेले साप ठरले. सापांना डोकी नव्हती, तेव्हा कारागिरांनी ती कोरून दिली. शाळिग्रामाच्या भक्ताला अशी दुरुस्ती चालणार नाही.

चक्राचा उगम कळल्याने देवत्वाला धक्का बसतो का? खरी अडचण वेगळीच आहे. हिमाचलातल्या स्पितीत त्याच काळाचा काळा शेल आहे, त्यात अमोनाइटही आहेत. तरी शाळिग्राम मानला जातो तो गंडकीचाच. हातोडी आणि भिंग घेऊन बसलेल्या अभ्यासकाला या दोन दगडांत देव आणि अदेव असा फरक सापडायचा नाही, कारण भक्ताने तो दगडात ठेवलेलाच नाही. तो नदीच्या नावात, विष्णूला दगड होण्याचा शाप देणाऱ्या वृंदेच्या कथेत आणि रोजच्या तुळशीपत्रात आहे. म्हणूनच खंडित मूर्ती विसर्जित करतात, पण फुटलेला शाळिग्राम पूजेत राहतो.