नियम निराळे, तर जीव होईल काय?

विश्वाचे नियम तिळभर बदलले असते तर जीव जन्मलाच नसता, म्हणून ते ठरविणारा ईश्वर आहेच, असे काही पंडित सांगतात. आधार काय? १९५३ साली फ्रेड हॉईल यांनी भाकीत केले की, कार्बनच्या अणुगर्भाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत एवढा कार्बन घडणार नाही. प्रयोगाने ते खरे ठरले. पण २००६ साली हार्निक, क्रिब्ज व पेरेझ यांनी गणित मांडले : चार मूलभूत बलांपैकी दुर्बल बल मुळीच नसले, तरी बाकीची काही मापे बदलून तारे जळू शकतात, मूलद्रव्ये घडू शकतात! हे कागदावरचेच आहे. ईश्वराच्या बाजूने तर तेवढे गणितही नाही. बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद कर्ता मागत नाही. कारणे निराळी, तर तिथला जीवही निराळा.