दोष आणि स्वभाव

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा’ ही म्हण यंत्रांसही लागू पडते, याचा प्रत्यय जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींच्या मालकांकडे पाहून येतो. छतातून पाणी गळते, एमजी टीसीच्या पत्र्याखालील अ‍ॅश लाकडाचा सांगाडा ओल लागून कुजतो. आणि मालक कौतुकाने म्हणतो, तिचा स्वभावच तसा! दोषाला स्वभाव म्हणण्याचा हा अधिकार कोणास व कुठवर, हा प्रश्न मला विचारार्ह वाटतो.

१९६२ साली बाजारात आलेली ट्रायंफ स्पिटफायर घ्या. हेरल्ड या कौटुंबिक मोटारीचाच सांगाडा आखूड करून ती घडविली होती. मद्रासेस पूर्वी तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे कूळ परिचित असेल. स्पिटफायरच्या मागच्या आसाचे दोन अर्ध मध्यभागी सांधलेले असून चाकांकडील टोकांशी वरखाली झुलतात. वेगाने वळण घेत असता चालकाने भिऊन अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय एकदम उचलला, की भार पुढे सरकतो, मागची बाजू उचलली जाते, चाके खालून आत दुमडतात व पकड सुटते. सावध मनुष्याची सावधगिरीच त्याचा घात करते! १९७० च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत मागच्या पाट्यांची मांडणी बदलून हा धोका पुष्कळ कमी करण्यात आला. जो सुधारता आला, त्यास स्वभाव कसे म्हणावे?

येथे कायद्याचा एक विवेक उपयोगी पडतो. इंग्लंडच्या पूर्वीच्या, १८९३ च्या आणि त्याच धर्तीवरील आपल्या १९३० च्या मालविक्री अधिनियमात, त्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यावर माल विक्रीयोग्य असल्याची गर्भित अट लादलेली आहे. मात्र ग्राहकाने माल तपासला असल्यास, त्या तपासणीत दिसावयास हवा होता अशा दोषापुरती ती लागू होत नाही. गळके छत डोळ्यांस दिसते. झुलणारा आस वळणावरच बोलतो. पहिला दोष पत्करता येतो, दुसरा सांगितल्यावाचून पत्करला गेला असे म्हणता येत नाही.

परंतु जुनी मोटार बहुधा एक गृहस्थ दुसऱ्या गृहस्थास विकतो. तो व्यापारी नसल्याने ही अट त्याला बांधीत नाही. तेथे कायदा थांबतो आणि धर्म सुरू होतो. आपल्या लाडक्या वस्तूचे दोष स्वतः सोसणे हे प्रेम खरे. पण चाक दुसऱ्याच्या, मग तो ग्राहक असो वा पोटचा मुलगा, हाती देताना त्याच दोषाविषयी मौन पाळणे हे प्रेम नव्हे. जो धोका आपण जाणून पत्करला, तो दुसऱ्याने नकळत पत्करावा, असे ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?