मौनाची मुदत

नवी संगणक-प्रणाली बाजारात येण्यापूर्वी काही निवडक लोकांना तपासण्यास देतात आणि बजावतात, ‘बाहेर बोलू नका.’ काय बोलू नये? निर्मात्याची युक्ती, की प्रणालीतील दोषही? आणि केव्हापर्यंत? नियम संदिग्ध असला की भिडस्त माणूस सारेच गिळतो. वाचाळाचे मात्र काहीच अडत नाही.

याउलट, आपल्या जुन्नर तालुक्यात खोडद परिसरातील महाकाय रेडिओ दुर्बीण पाहावी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तेथे निरीक्षण करणाऱ्याची माहिती १८ महिने त्याच्याच स्वाधीन राहते, मग सर्वांना खुली होते. श्रम त्याचे, म्हणून पहिला हक्क त्याचा. हे मौन आम्हांस न्याय्य वाटते. पण ज्या दोषाने तिसऱ्याचेच नुकसान होईल, तो झाकण्याचे वचन मागण्याचा अधिकार कोणास आहे, असे आम्हांस वाटत नाही. मग कागदावर सही असो वा नसो.