चौथी सुटायच्या आत

वेल्ह्याहून केळदकडे जाताना पासली लागते. मढे घाटाकडे निघालेल्या पर्यटकांना इथला डोंगर आणि पाऊस दिसतो, वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा सहसा दिसत नाहीत. अशा डोंगरी भागात एका खोलीत दोन-दोन वर्ग बसतात आणि शाळा बहुधा चौथीपर्यंतच असते. पुढे पोरगी पायी जाते, एसटीने जाते, नाहीतर वसतिगृहात राहते. म्हणजे नऊ-दहा वर्षांची होताच ती घरच्यांच्या नजरेआड जाते आणि थोड्याच वर्षांत तिला पाळी येते. शरीराबद्दल, नात्यांबद्दल तिला जे सांगायचं, ते चौथी सुटायच्या आतच सांगायला हवं.

'एवढ्याशा लेकरांना हे कशाला?' असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण लैंगिक शिक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे भलतंच येतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंध आणि आरोग्य हे विषय सक्तीचे झाले; लैंगिक शिक्षण मात्र त्या वयात सक्तीचं नाही. कुटुंब, मैत्री, आपल्या शरीरावरचा आपला हक्क, पाळीची आधीच ओळख आणि मदत कुणाकडे मागायची, अशा गोष्टी तिथे शिकवतात. यातलं पासलीत शिकवू नये असं काय आहे?

अवघड भाग वेगळाच आहे. वाडीत परकं कुणी नसतं. सगळे काका, मामा, आजोबा. पाहुणे आले की आपण लेकराला पुढे ढकलतो, 'पापी दे मामाला'. ते अंग चोरतं, आईच्या पदराआड जातं, आणि आपण 'लाजतीय' म्हणून हसतो. त्या लेकरानं नकार दिलेला असतो, आणि तो मोजायचा नसतो हे आपणच त्याला शिकवतो. मोठ्यांचं ऐकावं हा संस्कार मला मोलाचा वाटतो. पण 'नको' म्हणायची मुभा नसेल, तर तोच संस्कार अत्याचार करणाऱ्याच्या कामी येतो.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल काढला. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ओळखीतले, विश्वासातले होते. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळात लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि ते शाळांतून थांबवलं गेलं. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत खटले सोसून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक प्रश्नांवरचं मासिक चालवलं, तिथे हे घडलं, याची मला आजही लाज वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघड झाल्यावर शाळाशाळांत कॅमेरे बसवण्याची घाई झाली. कॅमेरे बसवावेतच. पण ते ओढ्याकाठी नसतात, घरातही नसतात. तिथे लेकराला स्वतःच सांगता यावं लागतं, आणि ऐकणारं माणूस लागतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. तरी बाईंना, गुरुजींना कुणी नीट प्रशिक्षण दिल्याशिवाय या ओझ्याखाली एकटं सोडू नये.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्येने असतात. येत्या बैठकीत हा विषय मांडा. आशाताईंना बोलवा, आयांबरोबर बापांनाही बसवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि जिथे रेंज नाही, तिथे लेकरानं कुणाकडे धाव घ्यायची, ते त्याला आजच नाव घेऊन सांगा.