महादेवाचा काशीविरह आणि गृहस्थाचे स्थलांतर

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पुत्र, पत्नी आणि घर यांचा एकत्र उल्लेख केला असून त्यांच्या ठायी अनभिष्वंग असावा, असे म्हटले आहे. पुत्र आणि पत्नी यांच्याविषयीच्या मोहाचा विचार प्रवचनांतून पुष्कळ होतो. घर या शब्दापाशी मात्र वक्ते फारसे थांबत नाहीत. वस्तुतः आजच्या गृहस्थाची कसोटी या तिसऱ्या शब्दावरच वारंवार लागते. नोकरी बदलते, मुलांची शिक्षणे येतात, वृद्धांची आजारपणे येतात, आणि ज्या वस्तीत पंधरा-वीस वर्षे सुखाने गेली ती सोडावी लागते. घर म्हणजे काही केवळ चार भिंती नव्हेत. दाराबाहेरची वाट, कोपऱ्यावरचा वाणी, संध्याकाळी ऐकू येणारी देवळातील घंटा, शेजारणीची हाक, हे सारे मिळून घर होते. ते सोडताना डोळ्यांत पाणी येते. हे पाणी अज्ञानाचे लक्षण आहे काय? गीता नित्य वाचणाऱ्याने त्याची लाज बाळगावी काय?

बेंगळूरूच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा भाग आहे. एके काळी तळी, शेते आणि लहान लहान गावे यांचा तो प्रदेश होता. पलीकडील व्हाइटफील्डची वसाहत १८८२ च्या सुमारास म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसली. गेल्या शतकाच्या अखेरीस संगणकाचा व्यवसाय तेथे आला आणि शेतांच्या जागी कचेऱ्या व उंच इमारती उभ्या राहिल्या. २००७ मध्ये महादेवपुऱ्याची स्वतंत्र नगरपालिका बृहत् बेंगळूरू महानगरपालिकेत विलीन झाली. २०२५ मध्ये त्या महानगरपालिकेचेही पाच भाग झाले आणि महादेवपुरा पूर्वेकडील भागात गेला. ज्या पाटीखाली मनुष्य कर भरतो ती पाटीसुद्धा वीस वर्षे टिकत नाही.

पुणे, सोलापूर, नाशिक, बेळगाव इकडून नोकरीनिमित्त गेलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात राहिली आहेत. मराठी माणसाचा बेंगळूरूशी संबंध काही आजचा नव्हे. १६३८ नंतर ती शहाजीराजांची जहागीर होती, आणि त्या थोर पुरुषाने १६६४ मध्ये कर्नाटकातच, होदिगेरे येथे, देह ठेवला. आजची कुटुंबे मात्र जहागिरीसाठी नव्हे, पोटासाठी गेली. प्रथम भाषा परकी, भाजी परकी, पाण्याची चव परकी. हळूहळू घरातली आजी ‘सोप्पु’ म्हणून पालेभाजी मागू लागते. शेजारच्या कानडी वृद्धेला ‘अज्जी’ म्हणते. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात, आणि दोन्ही घरी कडुनिंब व गूळ तोंडात पडतो. संक्रांतीला इकडून तिळगूळ जातो, तिकडून ‘एळ्ळु-बेल्ल’ येते. संतांनी ज्याला कानडा म्हटले त्या विठ्ठलाच्या भक्तांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. अशा रीतीने परके गाव आपले होते. आणि पुरते आपले झाले म्हणावे, तोच निघण्याची वेळ येते. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत या भागातील कित्येक वस्त्या पाण्यात बुडाल्या आणि लोकांना नावांतून व ट्रॅक्टरांतून बाहेर काढावे लागले. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या व टँकरची वाट पाहण्यात दिवस गेले. ज्या भूमीत एके काळी तळ्यांची साखळी होती तेथे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात दुष्काळ यावा, हे मनुष्याच्या लोभाचेच फळ नव्हे काय? असो. कोणी या त्रासाने निघतो, कोणी बदली झाली म्हणून, कोणी निवृत्तीनंतर भावंडांच्या ओढीने.

ज्या देवाचे नाव या वस्तीला मिळाले आहे, त्यालाही एकदा आपले आवडते नगर सोडावे लागले होते. स्कंदपुराणातील काशीखंडात ही कथा विस्ताराने येते. पृथ्वीवर दीर्घ अवर्षण पडले. राज्यव्यवस्था नष्ट झाली. तेव्हा ब्रह्मदेवाने दिवोदास राजाला राज्य स्वीकारण्याची विनंती केली. देवांनी पृथ्वी सोडून जावे, या अटीवर राजाने ती मान्य केली. ब्रह्मदेवाच्या शब्दाखातर श्रीशंकर काशी सोडून मंदराचलावर गेले. दिवोदासाने धर्माने राज्य केले आणि प्रजा सुखी झाली. येथवर कथा राजधर्माची आहे. परंतु पुराणकारांनी पुढे जे सांगितले आहे ते गृहस्थाने नीट ऐकावे. मंदराचलावर काय उणे होते? पार्वती जवळ होती, गण होते, पर्वत रमणीय होता. तरीही महादेव काशीच्या विरहाने व्याकुळ झाले. जो विरक्तांचा मुकुटमणी, ज्याने मदनाला भस्म केले, तो एका नगरासाठी झुरतो! त्यांनी काशीची वार्ता आणण्यासाठी व राजाचे मन वळवण्यासाठी योगिनींना पाठवले. त्या काशीतच राहिल्या. सूर्याला पाठवले; तोही बारा रूपांनी तेथेच राहिला. ब्रह्मदेव गेले, गण गेले, गणेश गेले. जो गेला तो परतेना. अखेर विष्णूंच्या योगाने कार्य सिद्धीस गेले आणि महादेव काशीस परत आले.

या कथेत एक सूक्ष्म गोष्ट आहे. काशी सोडताना महादेवांनी आपले लिंगरूप तेथेच ठेवले, आणि म्हणून त्या क्षेत्राला ‘अविमुक्त’, म्हणजे कधीही न सोडलेले, असे नाव आहे. देहाने ते गेले. पण तेथील जीवांवरची कृपा त्यांनी काढून घेतली नाही. आणि विरह असूनही त्यांनी ब्रह्मदेवाला दिलेला शब्द मोडला नाही, दिवोदासाला बळाने हुसकावले नाही. मनात ओढ असणे ही एक गोष्ट झाली. त्या ओढीपायी कर्तव्य चुकणे ही अगदी निराळी.

आता अनभिष्वंग या शब्दाकडे वळले पाहिजे. श्रीमदाद्य शंकराचार्यांनी या स्थळी भाष्यात असे स्पष्ट केले आहे की अभिष्वंग ही आसक्तीचीच एक विशेष जात आहे, आणि तीत मनुष्य दुसऱ्याला आपल्याहून वेगळा मानतच नाही. त्याचे सुखदुःख तेच आपले सुखदुःख, तो आहे म्हणून आपण आहोत, अशी त्याची भावना होते. घराच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे. “ही वस्ती सुटली म्हणजे माझे जीवनच संपले,” असे जो म्हणतो त्याला अभिष्वंग जडला आहे. “ही वस्ती मला प्रिय होती, तिने मला पुष्कळ दिले, आता निघतो,” असे जो म्हणतो त्याच्या डोळ्यांत पाणी असले तरी तो गीतेच्या बाहेर गेलेला नाही. अठराव्या अध्यायात भगवंतांनी तामस ज्ञानाचे जे वर्णन केले आहे ते येथे लागू पडते. एखाद्या एकाच वस्तूला तीच सर्वस्व आहे असे मानून तिला चिकटून बसणे, हे त्या ज्ञानाचे लक्षण होय. दोष प्रेमाचा नव्हे. एका गल्लीलाच सारे विश्व मानण्याचा आहे.

स्वतः गीतावक्त्याचे चरित्र पाहावे. मथुरेत जन्म, गोकुळात बालपण, तेथून वृंदावन, पुन्हा मथुरा आणि पुढे द्वारका. भागवताच्या दशम स्कंधात गोकुळ सोडण्याचा जो प्रसंग आहे तो प्रत्येक कुटुंबप्रमुखाने वाचण्यासारखा आहे. पूतना आली, शकट उलटला, तृणावर्ताचे वादळ झाले, दोन प्रचंड अर्जुनवृक्ष कोसळले. तेव्हा वयाने व ज्ञानाने वडील असा उपनंद गोपांच्या सभेत उठला आणि म्हणाला की मुलांच्या हितासाठी हे स्थान आता सोडले पाहिजे. त्याने वृंदावनातील गवत, वनराई, गोवर्धन यांची माहिती आधीच काढली होती. सर्वांनी एकमताने होकार दिला. गाड्या जुंपल्या, वृद्ध, मुले, स्त्रिया आणि सामान त्यांवर बसवले, गाई पुढे घातल्या. गोपी वाटेने कृष्णलीला गात गेल्या. येथे कोणी गोकुळाची निंदा केलेली नाही, आणि कोणी हट्ट धरून मागेही राहिले नाही. आज घरातील निर्णय पुष्कळदा दोघेजण रात्री बसून ठरवतात आणि वृद्धांना सामान बांधताना कळतो; उपनंदाच्या सभेशी ही रीत ताडून पाहावी.

कारण स्थलांतराचा खरा घाव वृद्धांवर बसतो. मुलगा नव्या कचेरीत जातो, नातवंडांना आठ दिवसांत नवे सवंगडी मिळतात. आजीला मात्र रोज पहाटे सोबत देवळात येणारी अज्जी मिळत नाही. महादेवपुऱ्यात तिने साठाव्या वर्षी मोडकीतोडकी कानडी शिकली. पंचाहत्तराव्या वर्षी ती नवे काय शिकणार? तिला वैराग्याचा उपदेश करणे सोपे आहे आणि निर्दयपणाचे आहे. अनभिष्वंग हा स्वतःच्या मनावर चालवायचा नियम आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तो चालवू नये. पुत्राने तिला दर आठवड्याला जुन्या शेजारणीशी दूरध्वनीवर बोलू द्यावे, वर्षातून एकदा तिकडे न्यावे. कृष्णानेही मथुरेस गेल्यावर गोकुळाला विसरून जा म्हटले नाही. नंद-यशोदा व गोपी यांचे सांत्वन करण्यासाठी त्याने उद्धवासारखा आपला जिवलग पाठवला.

वारकऱ्यांना नामदेवरायांची कथा ठाऊक आहेच. पंढरीवर त्यांच्याइतके प्रेम कोणाचे असेल? तरीही संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांचे मडके कच्चे ठरवले, आणि ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. “जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव,” असे ते म्हणाले, आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. त्यानंतर नामदेवांचे पंढरीचे प्रेम आटले काय? नाही. ते उत्तरेकडे गेले, पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले, त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. इकडे वारकरी परंपरा त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वाराच्या पायरीपाशी मानते. घुमानचे लोक ती आपल्याकडे मानतात. या वादात न्याय देण्याची गरजच नाही. दोन गावांनी ज्याला आपला म्हणावे असे तो राहिला, एवढे पुरे.

पंधराव्या अध्यायात भगवंतांनी जीवाच्या प्रयाणाला वाऱ्याची उपमा दिली आहे. वारा फुलाजवळून जाताना त्याचा गंध घेऊन जातो, तसा जीव एक देह सोडताना इंद्रिये व मन बरोबर नेतो. वारा फूल नेत नाही. लहानशा स्थलांतरालाही हीच उपमा लागू करता येईल. मग प्रश्न उरतो तो एवढाच की गंध कोणता न्यायचा. वीस वर्षांतील वाहनतळाचे भांडण, पाण्याच्या वाट्यावरून झालेली बोलाचाली, घरमालकाने कापलेली अनामत रक्कम, हेही मन घेऊन जाऊ शकते. आणि पुष्कळदा नेमके तेच घेऊन जाते.

म्हणून निघण्यापूर्वीचा पंधरवडा केवळ खोक्यांत घालवू नये. वाण्याची, दूधवाल्याची, इस्त्रीवाल्याची बाकी चुकती करावी. घरकाम करणाऱ्या बाईला एक महिना आधी सांगावे. तिचे पोट त्या कामावर आहे आणि तिला दुसरे घर शोधायचे आहे. पहारेकऱ्याला नुसती बक्षिसी देऊन न थांबता त्याच्या मुलाची चौकशी करावी. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या दारी स्वतः जावे. तो बोलला नाही तरी आपले काम झाले. तुळशीची कुंडी कचऱ्यात वा जिन्याखाली टाकू नये. ती नियमाने पाणी घालील अशा शेजारणीकडे द्यावी, आणि तिने एखादे रोप परत देऊ केले तर ते मात्र अवश्य न्यावे. देवघर सर्वांत शेवटी हलवावे व नव्या जागी सर्वांत आधी मांडावे. पहिल्या संध्याकाळी तेथे दिवा लावून झाला की नव्या शेजाऱ्याच्या दारावर जाऊन आपले नाव सांगावे आणि त्याचे विचारावे.