कोर्निल्याच्या वाटेवर



इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, जेनोवा आणि ला स्पेत्सिया या दोन बंदरांच्या दरम्यान, पाच लहान गावं समुद्रावरच्या कड्यांना धरून वसली आहेत. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. या टापूला चिंक्वे तेर्रे म्हणतात. 1997 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि 1999 मध्ये इथं राष्ट्रीय उद्यान झालं. मे महिन्याच्या सुट्टीत माझी नववीत जाणारी भाची, तिचे आईबाबा, आमची आई आणि मी तिथं गेलो होतो. फ्रान्समध्ये नीसला विमानातून उतरलो आणि पुढचा सगळा प्रवास आगगाडीनं आणि पायी केला.

गाड्यांचं वेळापत्रक भाचीच्या हाती दिलं होतं. गाडी कुठं बदलायची, फलाट कुठला, कागदी तिकिटावर चढण्याआधी यंत्रातून शिक्का मारून घेतला की नाही, हे सगळं तिनं बघायचं. वेंतिमिल्या या सरहद्दीवरच्या स्थानकात फ्रान्सची गाडी सोडून इटलीची धरावी लागते. तिथं आम्ही चौघं मोठी माणसं तिच्या मागोमाग जिने चढत-उतरत होतो, आणि ती मागं वळून आजीची पिशवी नीट आहे ना, ते बघत होती. चौदा वर्षांच्या मुलीचं घरच्यांनी असं मनापासून ऐकावं, हे तिला फार कमी वेळा मिळत असणार.

जेनोवाच्या जुन्या गल्ल्यांत फारिनाता खाल्ली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, एवढंच साहित्य. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात. आई शाकाहारी, तिच्या जेवणाची मला काळजी होती. तिनं फारिनाता पुन्हा मागून घेतली आणि काळजी तिथंच मिटली.

चिंक्वे तेर्रेमधली गाडी बहुतेक वेळ डोंगराच्या पोटातूनच जाते. बोगदा, मग क्षणभर निळा समुद्र, की पुन्हा बोगदा. वेर्नात्साचा फलाट इतका आखूड आहे की गाडीचे काही डबे बोगद्यातच थांबतात. दार उघडतं ते अंधारात, आणि नवख्या माणसाला वाटतं, अजून गाव आलंच नाही. भाचीनं हे आधीच वाचून ठेवलं होतं. “आजी, हेच वेर्नात्सा, उतर!” असं म्हणत तिनं हात धरून आजीला खाली घेतलं.

हा लोहमार्ग 1874 मध्ये पूर्ण झाला. त्याआधी या गावांना पोचायचं तर होडीनं, नाहीतर खेचरांच्या वाटेनं. त्याच सुमारास जवळच्या ला स्पेत्सियात नौदलाची मोठी गोदी उभी राहिली. महिन्याला ठरावीक पगार, आणि गावातून थेट गाडी. मग कड्यावरच्या पट्टीएवढ्या शेतात पाठीवर टोपल्या वाहायला कोण थांबणार? तरुण माणसं हळूहळू गाडीत बसू लागली. आज ज्या गाडीनं आमच्यासारखे प्रवासी येतात, तिनंच एके काळी इथले शेतकरी नेले.

हे कळतं ते मात्र गाडीत बसून नाही. त्यासाठी कोर्निल्याला जावं. पाचांतलं हेच एक गाव समुद्रापासून सुमारे 100 मीटर उंचावर आहे. स्थानकातून वर जायला विटांच्या सुमारे 380 पायऱ्या आहेत, आणि ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी छोटी बस. आई बसनं गेली, आम्ही पायऱ्यांनी. गावाबाहेर पडलं की वेर्नात्साची पायवाट सुरू होते, आणि दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे, लिंबं, ऑलिव्हची झाडं. सगळी अरुंद टप्प्यांवर. प्रत्येक टप्पा एका दगडी भिंतीनं तोलून धरलेला. या भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. सुमारे हजार वर्षं माणसं त्या हातानं रचत आली आहेत.

वाटेच्या कडेला एक वयस्क गृहस्थ ढासळलेली भिंत लावत होते. आई थांबली. आई मूळची रत्नागिरीकडची. थोडा वेळ बघून म्हणाली, “अगं, हा तर आपला गडगा.” मग भाचीला जवळ घेऊन दाखवू लागली. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड यायला हवा. लांब बाजू आत, तोंड बाहेर. मागच्या अंगाला बारीक दगडांची भर, म्हणजे पावसाचं पाणी झिरपून जातं आणि भिंतीवर दाब येत नाही. “हलला तर चीप घालायची,” आई म्हणाली. त्या गृहस्थांना मराठी कळत नव्हतं, पण आईच्या हातांची हालचाल कळली असावी. त्यांनी एक चपटी चीप उचलून भाचीच्या हातात दिली आणि एक फट दाखवली. तिनं ती बसवली. नाही बसली. फिरवून बसवली, तेव्हा त्यांनी हातोडीनं हलकेच ठोकली आणि मान डोलावली.

आई आणि भाचीचे बाबा तिथूनच परत फिरले आणि गाडीनं काही मिनिटांत वेर्नात्साला पोचले. आम्ही बाकीच्यांनी तेच अंतर चढत-उतरत दीड तासाहून जास्त वेळ घेऊन कापलं. भाचीचे डोळे आता भिंतींवरच होते. ही धड आहे, ही फुगली आहे, ही पडली. पडलेल्यांची संख्या कमी नव्हती. आणि जिथं भिंत पडली, तिथं झुडपं माजली होती.

वेर्नात्सानं याची फार मोठी किंमत मोजली आहे. 25 ऑक्टोबर 2011 ला ढगफुटीसारखा पाऊस झाला. उतारांवरची माती-दगड पाण्याबरोबर खाली आले, आणि मुख्य रस्ता घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चिखलानं भरला. माणसं दगावली, मोंतेरोस्सोचीही हानी झाली. गाव पुन्हा उभं राहिलं, पण वरच्या भिंती सांभाळणारे हात लागतातच. अशा कोरड्या दगडी बांधकामाची विद्या युनेस्कोनं 2018 मध्ये इटलीसह आठ देशांच्या अमूर्त वारशात नोंदवली. ती नोंद मोलाची आहे. तरी ती विद्या टिकायची तर कुणीतरी उन्हात उभं राहून दगड लावायला हवा.

रात्री आईनं आपल्या गावाबद्दल सांगितलं. तिचे भाऊ एकेक करून मुंबईला गेले, चाकरमानी झाले. घरामागच्या उतारावरचे गडगे दर मे महिन्यात तिचे वडील नीट करायचे. ते गेल्यावर कुणी हात लावला नाही. आता तिथं नुसती रानं आहेत. भाचीनं विचारलं, “आपण जाऊ या का तिथं?” आई लगेच हो म्हणाली.

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांचं घर कोकणात आहे, किंवा डोंगरउतारावर कुठंही आहे, त्यांना माझी विनंती आहे. येत्या मे महिन्यात मुलांना घेऊन चार दिवस गावी जा. ज्या माणसाला गडगा घालता येतो त्याला बोलवा, मुलांना त्याच्या हाताखाली द्या, आणि निदान एक पडलेला गडगा पावसाच्या आत उभा करा.